घाईचा धूर

"बोट ॲव्हरेज किती देते हो?" गुहागरकडे गावी गेलो की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. माझं सगळं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो आणि आता उरणला राहतो. लिटरला इतके किलोमीटर असं उत्तर जहाजाच्या बाबतीत देता येत नाही, तिथे हिशेब दिवसाला इतके टन असा असतो. आणि तो आकडा जहाजाच्या आकाराइतकाच आणखी एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे आपल्याला घाई किती आहे.

पंचाहत्तर हजार टन कोळसा नेणारं जहाज घ्या. ते ताशी १४ सागरी मैलांनी, म्हणजे आमच्या भाषेत १४ नॉटने चाललं, तर मुख्य इंजिन दिवसाला साधारण ३३ टन तेल खातं. तेच १२ नॉटवर आणलं की २१ टनांत भागतं. वेग सातव्या हिश्श्याने कमी झाला, तेल मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाचलं. कमरेएवढ्या पाण्यात सावकाश चालताना त्रास होत नाही, पळायला गेलं की पाणी मांड्या धरून ठेवतं. जहाजाचंही तसंच आहे. वेग वाढवला की पाण्याचा अडथळा झपाट्याने वाढतो आणि इंजिनाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग दुप्पट हवा असेल तर ताकद आठपट लावावी लागते.

आता हा हिशेब एका फेरीला लावू. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेला कोळसा भरला आणि आपल्या किनाऱ्याकडे निघालो. अंतर धरू ४,००० सागरी मैल. १४ नॉटने बारा दिवस लागतील आणि तेल जळेल सुमारे ३९५ टन. १२ नॉटने चौदा दिवस, तेल सुमारे २९५ टन. फरक शंभर टनांचा. जहाजाचं एक टन जड तेल जळलं की ३.१ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण तेलातल्या कार्बनचा प्रत्येक अणू हवेतला ऑक्सिजन बरोबर घेऊन धुराड्यातून बाहेर पडतो. म्हणजे एका फेरीत ३०० टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड टळला. भारतात माणशी वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. दीडशे माणसांचं वर्षभराचं उत्सर्जन त्या दोन दिवसांच्या घाईत जातं.

आणि ही घाई कशासाठी? पुष्कळदा बंदराबाहेर नांगर टाकून बसण्यासाठी.

दाभोळचा एक मोटरमन, म्हणजे इंजिनरूममधला खलाशी, माझ्याबरोबर होता. पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराबाहेर आम्ही नांगर टाकला, तेव्हा डेकवर जाऊन तो आधीच रांगेत उभी असलेली जहाजं बघून आला. खाली कंट्रोल रूममध्ये येऊन म्हणाला, "बडासाब, येवढी मरमर बोट पळवली ती हितं येऊन झोपायला?" मी म्हटलं, "कागदावर तसं लिहिलंय, बाबा." तो हसला नाही. त्याने रात्रभर जागून पंप सांभाळला होता, आणि खरं तर त्याच्या प्रश्नात जागतिक जहाजवाहतुकीतला एक मोठा दोष बसला होता.

तो कागद म्हणजे चार्टर पार्टी, जहाज भाड्याने घेण्याचा करार. जहाजाचा मालक एक, भाड्याने घेणारा दुसरा, माल विकणारा तिसरा, माल घेणारा चौथा आणि बंदर पाचवं. या करारांत जुन्या काळापासून एक अट असते, की जहाजाने होईल तितक्या त्वरेने पुढच्या बंदराकडे जावं. शिडांच्या काळात ती शहाणपणाची होती. कप्तानाने वाटेत रेंगाळू नये, दुसऱ्याचा माल घ्यायला वाकडी वाट करू नये, हा तिचा हेतू. बंदराबाहेर पोचलं की कप्तान 'नोटिस ऑफ रेडिनेस' देतो, आम्ही आलो आणि तयार आहोत अशी लेखी सूचना. ती दिली की घड्याळ सुरू. ठरलेल्या मुदतीत माल उतरला नाही तर भाड्याने घेणारा मालकाला दिवसाला हजारो डॉलर डेमरेज भरतो. त्यातून बऱ्याच बंदरांत जो आधी येईल त्याचा नंबर आधी. म्हणजे मालकाच्या बाजूने बघितलं तर लवकर पोचण्यात रांगेतली जागा आहे, उशिराचे पैसे आहेत आणि करार पाळल्याचं समाधानही आहे. बंदरात जागा नाही हे आठवडाभर आधी कळलेलं असलं, तरी कप्तान आपल्या मनाने वेग कमी करू शकत नाही. केला तर करार मोडल्याचा ठपका त्याच्या मालकावर येतो. या साखळीत प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर वागतो, आणि जळलेल्या शंभर टन तेलाचा धूर कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही.

हा धूर थोडाथोडका नाही. जगातला ८० टक्क्यांहून जास्त व्यापार, वजनाच्या हिशेबाने, समुद्रावरून होतो. संयुक्त राष्ट्रांची इंटरनॅशनल मेरिटाइम ऑर्गनायझेशन, म्हणजे आयएमओ, या संस्थेच्या चौथ्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये जहाजांनी सुमारे १०८ कोटी टन हरितगृह वायू हवेत सोडले. माणसाने केलेल्या एकूण उत्सर्जनाच्या जवळजवळ २.९ टक्के. टनामागे, मैलामागे बघितलं तर जहाज ट्रकपेक्षा आणि विमानापेक्षा कितीतरी कमी तेलात माल नेतं. म्हणूनच जहाजं कमी करा असं कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न आहे तो फुकट जाणाऱ्या तेलाचा.

रांगेचा धोका किती, हे ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला दिसलं. कोळशाच्या निर्यातीचं हे जगातलं एक मोठं बंदर. जून २००७ मध्ये तिथे पन्नासहून जास्त जहाजं उघड्या समुद्रात नांगरून नंबराची वाट बघत होती. ८ जूनला वादळ आलं आणि त्यातलं 'पाशा बल्कर' नावाचं जहाज थेट शहराच्या नॉबीज किनाऱ्यावर येऊन रुतलं. तीन आठवड्यांहून जास्त ते तिथेच अडकून होतं, लोक वाळूवरून बघायला यायचे. पुढच्या काही वर्षांत तिथल्या कोळसा साखळीने नियमच बदलला. लवकर येऊन नंबर वर सरकेनासा झाला, प्रत्येक जहाजाला यायची वेळ आधी कळवली जाऊ लागली. पळत यायचं कारणच राहिलं नाही, तेव्हा कप्तानांनी वेग कमी केला आणि बंदराबाहेरची रांग घटली.

लॉस एंजेलिस आणि लाँग बीचचं उदाहरण ताजं आहे. कोविडच्या काळात अमेरिकेत माल इतका लोटला की तिथे कंटेनर जहाजांची रांग शंभरावर गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे ठरलं की जहाजाचा नंबर ते किनाऱ्यापाशी कधी पोचलं यावर लागणार नाही, आधीच्या बंदरातून कधी निघालं यावरून लागेल. एवढ्या एका बदलाने किनाऱ्यालगतची गर्दी ओसरली, जहाजं पॅसिफिकमध्ये सावकाश येऊ लागली. यासाठी नवं इंजिन लागलं नाही, नवं इंधन लागलं नाही.

आयएमओच्या पुढाकाराने २०२२ मध्ये कंटेनर जहाजांचा एक अभ्यास झाला. सबंध फेरीत वेग बंदराच्या वेळेशी जुळवला तर सरासरी १४ टक्के तेल वाचतं. शेवटच्या चोवीस तासांत जरी जुळवला, तरी सहा टक्क्यांच्या आसपास. कंटेनर जहाजांचं वेळापत्रक मुळात नीट असतं, त्यांना धक्क्यावरची वेळ राखून ठेवलेली असते. तरी हा आकडा. कोळसा, खनिज, धान्य, खत नेणाऱ्या जहाजांचं तसं काही नसतं. रांगा खऱ्या त्यांच्याच लागतात.

नांगरून राहण्याचा आणखी एक तोटा आम्हा इंजिनियरांना चांगला ठाऊक आहे, बाहेर त्याची चर्चा होत नाही. आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कोमट असतं. दोन-तीन आठवडे जहाज एका जागी उभं राहिलं की तळाला शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो, मग त्यावर शिंपल्यासारखे चिवट जीव घर करतात. नांगर उचलून निघालं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांना, तेवढ्याच तेलाला जहाज एक नॉट कमी धावतं. मग वेग भरून काढायला आणखी तेल. डायव्हर लावून तळ घासून घेईपर्यंत हे चालू राहतं. १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या जहाजांना दरवर्षी 'ए' ते 'ई' अशी श्रेणी मिळते, किती अंतरासाठी किती कार्बन सोडला यावरून. रांगेत उभ्या जहाजाचे जनरेटर तेल खातात पण अंतर कापलं जात नाही, त्यामुळे बंदराच्या गलथानपणाची शिक्षा जहाजाच्या श्रेणीला बसते. हा नियम मला अर्धा पटतो. मोजायला सुरुवात झाली हे फार चांगलं झालं. पण जहाज थांबवून ठेवणाऱ्या बंदरालाही श्रेणी मिळाली पाहिजे.

जहाज एकदाचं धक्क्याला लागतं, दोर बांधून होतात आणि ब्रिजवरून निरोप येतो, 'फिनिश्ड विथ इंजिन'. मुख्य इंजिन थांबतं. धक्क्यावरच्या माणसाला वाटतं जहाज आता शांत झालं. खाली मात्र दोन-तीन जनरेटर घणघणत असतात. दिवे, पंप, वातानुकूलन, स्वयंपाकघर, बल्लास्टचं पाणी, जहाजावर क्रेन असतील तर क्रेन, सगळं त्यांच्यावर. कंटेनर जहाजावर रीफर असतात, म्हणजे थंड कंटेनर. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नाशिकची द्राक्षं न्हावा-शेव्यातून युरोपला जातात ती यांतूनच. प्रत्येक रीफरला अखंड वीज लागते. पेटी तापली तर माल गेला. मोठ्या कंटेनर जहाजाला धक्क्यावर उभं असतानाही एक-दोन मेगावॉट वीज सहज लागते, आणि ती सगळी डिझेलवर तयार होते, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर.

याला उपाय जुना आहे. जहाजाचे जनरेटर बंद करायचे आणि किनाऱ्यावरून केबल जोडून वीज घ्यायची. स्वीडनच्या गोथेनबर्ग बंदरात २००० साली उच्च दाबाची अशी जोडणी सुरू झाली. लॉस एंजेलिसला २००४ मध्ये पहिलं कंटेनर टर्मिनल या विजेवर आलं आणि पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला. युरोपच्या मोठ्या बंदरांत २०३० पासून कंटेनर आणि प्रवासी जहाजांना धक्क्यावर ही वीज घ्यावीच लागणार आहे.

आपल्याकडे हे करताना दोन अडचणी येतात, आणि त्या लपवून चालणार नाही. पहिली निव्वळ तांत्रिक. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, बहुसंख्य मोठ्या जहाजांची ६० हर्ट्झची. सरळ जोडली तर पंप सहाव्या हिश्श्याने हळू फिरतील, मोटारी तापतील. म्हणून मध्ये वारंवारिता बदलणारं अवजड यंत्र बसवावं लागतं, ६.६ किलोव्होल्टचा दाब द्यावा लागतो, धक्क्यात केबलसाठी खड्डे ठेवावे लागतात. खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. जोडणीचं काम मात्र अवघड नाही. जहाजाचा इलेक्ट्रिकल ऑफिसर किनाऱ्याच्या विजेशी आपल्या जनरेटरचा मेळ साधतो, भार हळूहळू तिकडे सरकवतो आणि एकेक जनरेटर थांबवतो. त्यानंतर इंजिनरूममध्ये जी शांतता येते तिची सवय नसलेले तरुण इंजिनियर दचकून गेज बघायला धावतात. एक बॉयलर तरीही चालू राहतो, कारण टाकीतलं जड तेल गरम ठेवलं नाही तर ते डांबरासारखं घट्ट होतं आणि निघताना पंपाला उचलत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जहाजावरचा जनरेटर एक युनिट वीज करायला साधारण २०० ते २२० ग्रॅम तेल जाळतो. त्यातून ६२० ते ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी किती निघतो? ७०० ग्रॅमच्या आसपास, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. म्हणजे नुसती केबल जोडून कार्बन कमी होणार नाही. तो उरणहून उचलून चंद्रपूरच्या आणि कोराडीच्या कोळसा वीजकेंद्रांत नेऊन ठेवला जाईल. धक्क्याजवळच्या लोकांच्या छातीत जाणारी काजळी, गंधक आणि नायट्रोजनचे वायू तेवढे थांबतील, आणि तेवढ्यासाठीही हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. पण त्याला कार्बनमुक्त बंदर म्हणायचं असेल तर केबलच्या दुसऱ्या टोकाला सौर किंवा पवन वीज हवी, तिचा वेगळा करार हवा.

बंदराचा धूर जहाजापुरताही नसतो. करळ फाट्याकडून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर बघा. नंबर येईल तसं गाडी दोन हात पुढे घ्यायची म्हणून इंजिन बंद करायची सोय नाही. समुद्रातली रांग आणि रस्त्यावरची रांग, रोग एकच: आत जागा कधी होणार हे बाहेरच्याला वेळेवर कळत नाही. जासई, धुतूम, सोनारी भागातली माणसं हा धूर गेली पस्तीस वर्षं गिळतायत. बंदर १९८९ साली सुरू झालं, त्यासाठी जमिनी याच गावांच्या गेल्या. इथे काही चांगल्या गोष्टी घडू लागल्या आहेत. यार्डात कंटेनर रचणाऱ्या रबरी चाकांच्या क्रेन डिझेलवरून विजेवर आल्या. २०२५ मध्ये हे बंदर चालवणाऱ्या जेएनपीएने बॅटरी काढून दुसरी बसवता येईल असे विजेवरचे अवजड ट्रक बंदरात आणले. बॅटरी बदलायची सोय महत्त्वाची, कारण बंदराचं काम चोवीस तास चालतं आणि चार्जिंगसाठी गाडी उभी ठेवणं तिथे कोणाला परवडत नाही. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर विजेच्या इंजिनामागे कंटेनरवर कंटेनर रचून गाडी धावते. दिल्लीकडचा जितका माल ट्रेलरवरून तिकडे सरकेल तितका हा रस्ता मोकळा होईल.

जहाजाला ओढून-ढकलून धक्क्याला लावणाऱ्या टगबद्दल मला विशेष आशा आहे. टगचं इंजिन फार मोठं असतं, पण पूर्ण ताकद लागते ती जहाज धक्क्याला दाबतानाची काही मिनिटं. बाकी वेळ ती डुलत उभी असते, आणि काम संपलं की रोज आपल्याच जेट्टीवर परत येते. बॅटरीसाठी याहून सोयीची नौका शोधून सापडणार नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये हरित टगचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात पहिल्या टप्प्यात जेएनपीए, कांडलाचं दीनदयाळ, पारादीप आणि तुतिकोरिनचं चिदंबरनार ही बंदरं आहेत. त्याआधी २०२३ मध्ये आलेल्या 'हरित सागर' मार्गदर्शक तत्त्वांत प्रत्येक टन मालामागचं बंदराचं उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं ठरलं. गोव्यात मुरगाव बंदराने त्याच वर्षी कमी धूर सोडणाऱ्या जहाजांना बंदर शुल्कात सवलत सुरू केली.

वाढवणबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डहाणूजवळच्या या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, क्षमता वर्षाला २९.८ कोटी टन धरली आहे. नव्या बंदराचा एक फायदा असतो: धक्का बांधतानाच केबलचे खड्डे, रेल्वेच्या साइडिंग, विजेची उपकेंद्रं करून ठेवता येतात, नंतर काँक्रीट फोडावं लागत नाही. वाढवणला हे पहिल्या दिवसापासून झालं पाहिजे. पण तिथल्या मच्छीमारांचा विरोध माशांच्या प्रजननाच्या जागेवरून आहे, त्यांच्या रोजच्या पोटावरून आहे. त्यांना 'बंदर हरित असेल' हे उत्तर देणं म्हणजे त्यांनी विचारलेलं ऐकलंच नाही असं आहे.

आता इंधन. माझे आजोबा आगवाला होते, विलायतेच्या कोळशाच्या बोटींवर फावड्याने भट्टीत कोळसा लोटायचे. दापोली, खेड, गुहागर पट्ट्यातली किती घरं त्या भट्ट्यांवर चालली. आजोबांच्या पिढीने एक बदल बघितला. १९१२ मध्ये कोपनहेगनला बांधलेलं 'सेलांडिया' हे महासागरावर जाणारं पहिलं मोठं डिझेल जहाज बँकॉकला निघालं, आणि पुढच्या काही दशकांत कोळसा, भट्टी आणि आगवाला तिन्ही गेले. त्याच कोपनहेगनात सप्टेंबर २०२३ मध्ये 'लॉरा मर्स्क' या जहाजाचं नामकरण झालं. हे मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज, आकाराने लहान, २,१०० कंटेनरचं. वर्ष उलटायच्या आत त्याच कंपनीचं १६,००० कंटेनरचं 'आने मर्स्क' आलं.

मिथेनॉल द्रव आहे, साध्या टाकीत राहतं, इंजिनात थोडे बदल करून जळतं. दोष असे की तेवढ्याच ताकदीसाठी तेलाच्या अडीचपट जागा लागते, आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. आग लागली तर ती डोळ्याला कळायच्या आधी हाताला कळते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आज बाजारात मिळणारं जवळजवळ सगळं मिथेनॉल नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतं. ते जाळून जगाचा काही फायदा नाही. शेतीच्या कचऱ्यापासून किंवा हरित हायड्रोजनपासून बनवलेलं मिथेनॉल हवं, ते फार थोडं आहे आणि तेलाच्या कितीतरी पट महाग आहे.

अमोनियात कार्बनच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल फार बोललं जातं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा आमच्या करंजात बर्फाच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही विचारा अमोनियाची गळती म्हणजे काय. डोळे उघडत नाहीत, श्वास अडतो, आणि तिथे निदान दार उघडून मैदानात पळता येतं. इंजिनरूम डेकच्या खाली कितीतरी मजले, पाण्याच्या पातळीच्याही खाली असते. जगाच्या जहाजांवर काम करणाऱ्यांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत, त्यात आपल्या कोकणातली मुलं आहेत. अमोनियाची इंजिनं येतील तेव्हा त्यांच्यासाठी दुहेरी नळ्या, वायू ओळखणारी यंत्रं आणि नीट प्रशिक्षण आधी आलं पाहिजे, जहाज नंतर. एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, दुखणं निराळं: न जळता निसटणारा मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरतो.

शिडं परत येतायत, ही मला मनापासून आनंदाची बातमी वाटते. 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर २०२३ मध्ये ३७.५ मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले. कापडाचे नव्हेत, विमानाच्या पंखासारखे, वाऱ्याकडे आपोआप वळणारे. सहा महिन्यांच्या सफरीत दिवसाला सरासरी तीन टन तेल वाचलं असं भाड्याने घेणाऱ्या कारगिल कंपनीने जाहीर केलं. दिवसाला तीसेक टन खाणाऱ्या जहाजाला तीन टन म्हणजे दहावा हिस्सा.

पण स्वच्छ इंधन महाग आहे तोवर ते कोण भरणार, हा खरा वाद आहे. जुलै २०२३ मध्ये आयएमओच्या सदस्य देशांनी २०५० च्या सुमारास निव्वळ शून्यावर यायचं मान्य केलं. एप्रिल २०२५ मध्ये जहाजांच्या कार्बनवर किंमत लावणारा आराखडा बहुमताने मंजूर झाला, भारताने बाजूने मत दिलं. ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त सोडणाऱ्याने टनामागे १०० किंवा ३८० डॉलर भरायचे आणि त्या निधीतून स्वच्छ इंधनाला मदत करायची, असा तो होता. ऑक्टोबरमध्ये लंडनला अंतिम शिक्कामोर्तब व्हायचं होतं. अमेरिकेने कडाडून विरोध केला आणि मतदानाने निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. त्या वर्षभरात नवी जहाजं बांधायची ऑर्डर देणाऱ्या मालकाने कोणतं इंजिन निवडायचं? जहाज पंचवीस वर्षं चालतं. आज घेतलेला निर्णय २०५० पर्यंत पुरतो. युरोपने मात्र वाट बघितली नाही. २०२४ पासून तिथे येणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे भरावे लागतात.

म्हणून मी पुन्हा त्या चार्टर पार्टीच्या करारांकडे येतो. इंधन तीनपट महाग होणार असेल तर शंभर टन वाचवणं आजच्यापेक्षा तीनपट मोलाचं होईल. आणि ते वाचवायला लंडनच्या मतदानाची गरज नाही. जहाज उद्योगाची 'बिम्को' ही जुनी संघटना करारांचे नमुने तयार करते. २०२१ मध्ये तिने वेळेवर पोचण्याचं कलम लिहून दिलं. भाड्याने घेणाऱ्याने सांगितलेल्या वेळेला पोचण्यासाठी कप्तानाने वेग कमी केला तर तो करारभंग धरायचा नाही, असा त्याचा गाभा आहे. अडतं ते अनेक पक्षांपाशी. माल वाटेत विकला जातो, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाच्या मालकीचा कागद, दुसऱ्याच्या हातात जातो, आणि त्या नव्या मालकाने या कलमाला होकार दिलेला नसतो.

भारतात ही गाठ सोडवणं त्या मानाने सोपं आहे. परदेशातून कोळसा आणि कच्चं तेल मागवणाऱ्यांत सरकारी पोलाद, वीज आणि तेल कंपन्या आहेत. बरीच मोठी बंदरंही केंद्र सरकारचीच. जहाज भाड्याने घेणारा, माल घेणारा आणि धक्का देणारा, पुष्कळदा तिघं एकाच सरकारचे. पुढच्या निविदेत हे कलम घालायला कोणाची परवानगी काढायला नको. रांगेतला नंबर माल भरून निघाल्याच्या तारखेवरून लावायचा. बंदराने जहाजाला निदान आठवडाभर आधी धक्क्याची तारीख द्यायची. वाचलेल्या तेलाचे पैसे मालक आणि भाड्याने घेणारा यांनी वाटून घ्यायचे. आणि दिलेली तारीख बंदराने चुकवली, तर त्या दिवसांचं डेमरेज बंदराने भरायचं. हे शेवटचं कलम बंदरांना सगळ्यात जड जाईल, पण ते नसेल तर एकही कप्तान १४ नॉटवरून १२ वर यायला धजावणार नाही.